गाढवावरचा मान

पळस फुलला की आमच्या भागातले जावई आजारी पडायला लागतात. कुणाची कंबर धरते. कुणाला साहेब रजा देत नाही. कुणाच्या पोराची परीक्षा नेमकी धुळवडीच्या दिवशी निघते, आणि पोरगं असतं बालवाडीत. ज्वारी काढून झालेली असते, कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात, बांधावर हरभऱ्याचा हुळा भाजल्याचा वास असतो, दुपारचं ऊन नुकतं दात दाखवायला लागलेलं असतं. आणि अशा सुरेख दिवसांत शहाणीसुरती, मिशीवाली माणसं तोंड लपवत फिरतात.

याला कारण एक गाव. ती माझी सासुरवाडी. नेकनूरच्या पुढं दोन टेकड्या ओलांडल्या की लागते. नाव सांगत नाही. कशात नाव आलं की तिथली माणसं अलीकडं हळवी होतात, आणि ती खोड त्यांना माझ्यामुळं लागली.

गावाची रीत अशी, की धुळवडीला गावचा एक जावई धरायचा. तोंडाला काजळी फासायची, गळ्यात फाटक्या चपलांची माळ घालायची, गाढवावर बसवून हलगीच्या तालावर गल्लोगल्ली मिरवायचा. शेवटी मारुतीच्या पारावर उतरवायचं, आंघोळ घालायची, नवा पोशाख द्यायचा आणि जेवायला मानाच्या पाटावर बसवायचं. जावई वर्षभर डोक्यावर बसलेला असतो. एक दिवस त्याला तिथून उतरवून गाढवावर बसवायचं, एवढाच यातला विचार. पण जावयानं सहजासहजी सापडायचं नसतं. त्यानं पळायचं, लपायचं, खोटं बोलायचं. तीही रीतच. होळीच्या चार दिवस आधीपासून सासुरवाडीचे फोन सुरू होतात. "दाजी, कुठं हायात? काय न्हाई, सहज इचारलं." त्या 'सहज'च्या मागं भरलेली जीप उभी असते.

एक जावई पाण्याच्या टाकीत सापडला होता. दुसरा बायकोचं लुगडं नेसून एसटीत चढला. पकडायला आलेल्या पोरांनी त्याला आदरानं बसायला जागा दिली, पुढच्या फाट्यापर्यंत सोबत केली, आणि तिथून त्याच लुगड्यात परत आणला.

मी दोनदा बसलोय. पहिल्यांदा लग्नाच्या वर्षी. तेव्हा मी बीडला कुणाच्या तरी क्लासमध्ये मराठी शिकवत होतो आणि नाट्यस्पर्धांत नोकर, हवालदार आणि मेलेला माणूस अशा भूमिका करत होतो. गाढव शाळेसमोर आलं आणि अडून बसलं. हलगी थांबली. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं आणि माझ्या तोंडावर काजळी होती. मग मी गाढवावरूनच हात जोडले आणि मंत्र्याच्या आवाजात भाषण सुरू केलं: रस्ता मंजूर आहे, गाडी तेवढी मंजूर व्हायची आहे. माणसं भिंतीला धरून हसली. एक म्हातारी खाली बसली ती उठेना. लोक आपल्याला हसत असतात, पण त्या हसण्याचा कासरा आपल्या हातात घेता येतो, हे मला त्या गाढवावर कळलं. पुढचं सगळं आयुष्य मी त्याच कासऱ्यावर काढलं.

टीव्हीवरचा विनोद कसा होतो ते सांगतो. सकाळी प्रेक्षक आणून बसवतात. एक माणूस त्यांच्यासमोर उभा राहून म्हणतो, आता हसा. मोठ्यानं. आता टाळ्या. आता डोळे पुसत हसा. हे सगळं आधी टिपून ठेवतात, कारण संध्याकाळपर्यंत माणसं दमतात. बरं, दुपारी चार वाजेपर्यंत माझं स्किट लिहून व्हायचं असतं. म्हणजे हसू आधी तयार असतं आणि त्याला शोभेल असा विनोद मी मागून पुरवायचा. वीसेक वर्षं मी हे काम करतोय. कधी बाई होऊन, कधी इन्स्पेक्टर, कधी बाईच्या वेषातला इन्स्पेक्टर. विग काढला की डोक्याला वारा लागतो, तेवढंच दिवसाचं सुख. मयताला गेलो तरी लोक खांद्यावर हात टाकून म्हणतात, "एखादा होऊन जाऊ द्या." मी करतोही. नाही म्हणायलाही ताकद लागते.

आठवड्याला नवं काहीतरी लागतं. मी शहरात शोधलं असतं, पण माझी सगळी माणसं इकडची. पहिल्या वर्षी मी माझ्या मास्तरांवर लिहिलं. मग चुलत्यावर, ग्रामसेवकावर, आमच्या गल्लीत कायम स्वतःशी भांडणाऱ्या बाईवर. विहिरीतून पाणी उपसावं तसं गाव उपसत गेलो. दहा-बारा वर्षांत तळाचे दगड दिसायला लागले. एका मंगळवारी पहाटे कागद कोरा होता, शूटिंग बुधवारी होतं, आणि डोळ्यांसमोर आले माझे सासरे.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांची शेळ्या-मेंढ्यांत हयात गेली. स्वतःची खांडभर जनावरं, आणि शिवाय नेकनूरच्या बाजारात सौदा जमवून द्यायचं काम. विकणारा आणि घेणारा, दोघंही मामांकडं बघायचे. मामा बोलायचे थोडं, पण बोलले की सौदा मिटायचा. त्यांची एक लकब होती. काहीही विचारा, मामा आधी डोक्यावरची टोपी काढायचे, आत बघायचे, अस्तरावरून अंगठा फिरवायचे, टोपी परत घालायचे आणि मग उत्तर द्यायचे. "मामा, जेवलात का?" टोपी काढली, बघितलं, घातली. "जेवलो." जणू उत्तर आत लिहून ठेवलंय.

झालं. टोपीत बघून बोलणारा सासरा मी तासाभरात लिहिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच केला. लग्नाच्या बैठकीत सगळे खोळंबलेत आणि सासरा टोपी वाचतोय. त्या दिवशी हसू टिपून ठेवायची गरज पडली नाही. कॅमेऱ्यामागची माणसंसुद्धा हसत होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा सासरा. मग दर आठवड्याला. शाळेतली पोरं कंपासपेटीत बघून उत्तरं द्यायला लागली म्हणे.

माझी बायको मंदा. तिनं तो पहिला भाग घरी टीव्हीवर बघितला. मी रात्री आलो तेव्हा तिनं विचारलं, "लोक हसले?"

"लई हसले."

"हां," ती म्हणाली आणि माझं ताट वाढायला गेली. बायकांना आपल्या माहेरावरचा विनोद पचत नाही, असा मी अर्थ काढला. त्यावरही एक स्किट केलं.

आणि मग तो शिमगा आला. सात वर्षं झाली, पण त्या फाल्गुनातला प्रत्येक वास मला ओळखीचा आहे. आम्ही फाट्यावर उतरलो तर वाऱ्यानं आंब्याचा मोहर अंगावर पडत होता. वाटेत गोवऱ्यांचा ढीग, त्यावर एक काळं कुत्रं ऐटीत बसलेलं. पारावर माझा मेहुणा बाळू, मंदाचा धाकटा भाऊ, मित्रांसोबत बसला होता. जावई धरणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या. मी लांबूनच दोन्ही हात वर केले, शरण आल्यासारखे. एरवी यावर शिट्ट्या पडल्या असत्या. बाळू उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या सर."

सर! अहो, ज्या माणसानं माझ्या तोंडाला दोनदा काजळी फासली, तो म्हणतोय सर. पोरांनी मला खुर्ची दिली. पाणी दिलं. "प्रवास बरा झाला का सर?" मला वाटलं, काय बनेल नट आहेत! गाफील ठेवून धरणार. मी मनातल्या मनात हात चोळले.

घरी मामा उघड्या डोक्यानं बसले होते. ऊन वाढलंय, म्हणून टोपी काढली असेल, असं मी धरून चाललो. पाया पडलो. त्यांनी हात वर केला. बोलले नाहीत. ते कधी फार बोलत होते?

धुळवडीच्या दिवशी सकाळी मी अशी जागा निवडली की तिची वाहवा व्हावी. वस्तीमागच्या कडब्याच्या गंजीत आतल्या अंगानं पोकळी केली, अंगावर चार पेंढ्या ओढून घेतल्या आणि बसलो. कडब्याचं बारीक कूस अंगाला टोचत होतं. नाकात धूळ. गंजीतला एक उंदीर मला बघून थबकला आणि कंटाळून निघून गेला. मी धरला गेल्यावर कसं ओरडायचं, कोणत्या देवाचं नाव घ्यायचं, याची तालीम करत होतो. ऊन चढलं. पोरांचा आवाज जवळ आला की मी मुद्दाम एक पेंढी हलवायचो. आवाज पुढं जायचा. एकदा बाळू इतक्या जवळून गेला की मी खोकलो. व्यवस्थित, थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा खोकलो. तो क्षणभर थांबला. त्यानं गंजीकडं बघितलं, अगदी माझ्या डोळ्यांत बघितल्यासारखं, आणि चालता झाला.

मग हलगी वाजली. पेंढ्यांच्या फटीतून मला मिरवणूक दिसली. गाढवावर गेवराईकडचा कुणी नवा जावई होता, बिचारा भांबावलेला, काही म्हणजे काही करता येत नव्हतं त्याला. नुसता मान खाली घालून बसला होता आणि तरीही सगळं गाव हसत होतं, त्याच्या पाठीवर थापा मारत होतं.

मी बाहेर आलो. डोक्यात कडब्याचा पाला, कानात कूस. कुणाचंही लक्ष नव्हतं.

मामा शेळ्यांच्या वाड्यात बादलीनं पाणी देत होते. मी तिथं जाऊन उभा राहिलो आणि नाटकीच सुरात म्हणालो, "काय मामा, मला का हो सोडलं? मी काय म्हातारा झालो का?"

मामांनी बादली ठेवली. त्यांचा उजवा हात डोक्याकडं गेला, केसांना लागला आणि खाली आला. मग त्यांचं तोंड उघडलं.

"ग... ग..."

गळ्याची शीर ताणली गेली. डोळे एका ठिकाणी थिजले.

"गर्दी?" मी म्हणालो. "गर्दी लई होती म्हणून?"

"ग..."

"गैरसमज? मामा, गैरसमज झाला का काही?"

धंदाच तो. कुणी अडलं की शब्द पुरवायचा, रिकामी जागा राहू द्यायची नाही. मामांनी तळहात वर केला. थांब. त्या हातासमोर मी गप्प झालो आणि मला पहिल्यांदा दिसलं, की हा माणूस शब्द काढायला झगडतोय. तेरा वर्षं मी त्यांचा जावई होतो. माणसांचं निरीक्षण हा माझा पोटाचा उद्योग. आणि टोपीत बघण्यात जो वेळ जायचा, त्या वेळात मामा पहिला शब्द जिभेवर आणून ठेवायचे, हे मला दिसलं नव्हतं. मला फक्त टोपी दिसली होती.

टीव्हीवर तीन सेकंद शांतता झाली तर दिग्दर्शक ओरडतो. इथं एका शेळीनं बादली संपवली, दुसरी येऊन रिकाम्या बादलीत तोंड घालून गेली. मग मामा म्हणाले,

"गाढवावर... आपल्या माणसाला बसवत्यात."

मी म्हणालो, "चुकलं, मामा." त्यांनी रिकामी बादली माझ्या हातात दिली आणि हौदाकडं बोट केलं. मी पाणी आणायला गेलो.

परतताना एसटीत मंदानं सगळं सांगितलं. अण्णांचा, म्हणजे मामांचा, शब्द लहानपणापासून अडायचा. शाळा त्यापायीच सुटली. टोपीची युक्ती त्यांनी स्वतःच शोधली होती आणि घरात त्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं, बोलायची गरजच नव्हती. माझा सासरा टीव्हीवर गेल्यावर बाजारात माणसं ओरडायला लागली, "मामा, टोपीत बघा की! आमच्या मोबाइलसाठी एकदा करून दाखवा की!" दोन-तीन बाजार मामांनी सोसलं. मग टोपी सोडली. टोपी गेली तसा शब्द गेला. शब्द गेल्यावर सौदा कोण देणार? ते बाजारालाच जायचे बंद झाले. ज्या माणसाच्या तोंडाकडं दोन्ही बाजू बघायच्या, तो घरात बसून होता.

"मला आधी सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"तुम्ही आधी विचारलं कुठं?" मंदा म्हणाली. मांजरसुंब्याचा घाट लागला. दरीत पळस इतका फुलला होता की बघवेना.

मुंबईला जाऊन मी सांगितलं, सासरा बंद. कार्यक्रमाच्या निर्मात्या बाईंनी चहा मागवला आणि गोड आवाजात समजावलं, की पात्र माझं नाही, कार्यक्रमाचं आहे. कागदावर माझीच सही होती. त्यांनी टोपी एका तरण्या नटाला दिली. त्यानं ती माझ्यापेक्षा बरी चालवली. आणखी दोन वर्षं लोक हसत राहिले, आणि मी घरी बसून आपलंच लिहिलेलं बघत राहिलो. मामांना मी हे कधी सांगितलं नाही. काय सांगणार? चोरलं मी, आता दुसराच वापरतोय, माझा काही इलाज नाही?

त्यानंतर मला कामं कमी होत गेली. नव्या पोरांना अर्ध्या मिनिटात हसवता येतं, मला तेवढ्यात खुर्चीवर नीट बसताही येत नाही. तक्रार नाही. खरं सांगायचं तर थकलोय. गुडघे, पाठ, आवाज, हे तर आहेच. पण भुवई थकलीय. वीस वर्षं उजवी भुवई वर करून मी वाक्याचा शेवट केला. आता ती आपोआप वर जाते आणि खाली यायला वेळ लावते.

पण दर शिमग्याला मी सासुरवाडीला जात राहिलो. लपलो नाही. कुणी शोधणार नसेल तर लपण्यात काय राम? पारावर उघड्यावर बसायचो. पोरं म्हणायची, "या सर." मिरवणूक समोरून जायची. मग मी वाड्यात जाऊन मामांजवळ बसायचो. ते शेळीच्या खुरातला काटा काढायचे, मी शेळी धरायचो. कधी ते काही बोलायला लागायचे. मी शेळीच्या कानाकडं बघत राहायचो, भुवई जागेवर ठेवून, आणि शब्द यायचा तेव्हा यायचा. पहिल्या वर्षी पूर्ण दुपारभरात एकच वाक्य, तेही शेळीबद्दल. पुढच्या वर्षी दोन. चौथ्या की पाचव्या वर्षी त्यांनी मला एका म्हाताऱ्या बोकडाची गोष्ट सांगितली. सांगायला दुपार गेली. इतकी चांगली गोष्ट मी आयुष्यात लिहिली नाही आणि ती कुठं वापरणारही नाही.

यंदा होळीच्या आधी कार्यक्रमाच्या त्याच बाईंचा फोन आला. धुळवडीचा खास भाग करायचाय, जुनी पात्रं परत आणतोय, सासरा तुम्हीच करा, लोक तुम्हालाच मूळ मानतात. आठ महिने मी घरी होतो. मी म्हणालो, उद्या कळवतो. तेव्हा मी बीडच्या एका कॉलेजात एकांकिकांचा परीक्षक म्हणून आलो होतो, ते काम उरकून स्टँडसमोरच्या लॉजवर पडून राहिलो. मंदाला तेवढं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंना नाही म्हणून सांगितलं. यात काही थोरपणा होता असं कुणी समजू नये. वीस टक्के मामा आणि ऐंशी टक्के कंटाळा. टोपी हातात घ्यायची नुसती कल्पना आली आणि हात जड झाले.

नाही म्हणून झाल्यावर मी खिडकीजवळ उभा होतो. खाली रिक्षावाले, उसाचा रस, रंगांच्या पुड्यांचे ढीग. फोन पुन्हा वाजला. बाई मानत नाहीत वाटतं, म्हणून बघितलं तर मामांचं नाव.

मामा फोन करत नाहीत. फोनवर तोंड दिसत नाही ना. शब्द अडला की लोकांना वाटतं रेंज गेली. ते हॅलो हॅलो करतात आणि ठेवून देतात. मी उचलला. एकदाच म्हणालो, "बोला मामा." आणि थांबलो.

पलीकडं श्वास. एक शेळी ओरडली. मग कुणीतरी हसू दाबल्यासारखा आवाज, आणि अगदी हळू, बाळूचा: "मुक्काम इचारा, मुक्काम."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"कु... कु..." मामा म्हणाले. खाली एक रिक्षा गेली, दुसरी गेली. "कुठं हाय?"

सात वर्षांत त्या गावानं मला हे विचारलं नव्हतं. असल्या वेळी गावच्या जावयानं काय करायचं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. मी सरळ खोटं बोललो.

"मुंबईत, मामा. शूटिंग हाय हो, लई अडकलोय. यंदा काय येणं व्हायचं न्हाई बघा."

आणि त्याच क्षणी खिडकीखाली स्टँडचा कर्णा खरखरला: मांजरसुंबा, नेकनूरमार्गे केजला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. मी फोनवर हात दाबला, पण उशीर झाला होता.

पलीकडं शांतता. मी तीत काही घातलं नाही. मामा शब्द जमवत होते आणि मला आतून कळलं, की हा माणूस आता काय करणार आहे. कुठल्याही नटानं हेवा करावा इतका वेळ त्यांनी घेतला.

"म... मुंबईला," ते म्हणाले, "नेकनूरची गाडी लागती व्हय?"

आठ-दहा माणसं एकदम फुटली. बाळू ओरडत होता, "दाजी, हलू नका तिथून! स्टँड हाय, स्टँड! जीप काढा बे!" आणि त्या सगळ्या गलक्यात मामा हसत होते. ते हसताना मात्र कुठंही अडकत नाहीत.

फोन बंद झाला. गावाहून बीडला जीपला तासभर लागतो. लॉजला मागं एक जिना आहे, तो थेट भाजीबाजारात उतरतो. मी चांगला शर्ट काढून ठेवला, जुना घातला, बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या आणि रस्त्याकडच्या खिडकीत खुर्ची ओढून बसलो. जीप दिसली की पळायचं, असं ठरवून.